उजव्या हाताला मुंबई

त्या वर्षी वीज दुपारची जेवणं झाली की यायची आणि चहाचं आधण ठेवायच्या सुमाराला जायची. भार्गवीही साधारण तेवढाच वेळ झोपायची. दोघींचं आपसात काहीतरी ठरलेलं असावं. त्या मधल्या वेळात मी सातारा जिल्ह्यातले डोंगर गिरवायचे.

काम पुण्याच्या एका कंपनीचं होतं. लग्नाआधी मी तिथेच नोकरीला होते. लग्न करून पावसजवळच्या या आंब्याच्या बागेत आले, भार्गवी झाली, तेव्हा साहेबांनी संगणक, स्कॅनर आणि नकाशांचं सॉफ्टवेअर घरीच पाठवून दिलं. स्कॅन केलेला जुना नकाशा पडद्यावर उघडायचा, त्याच्या चार कोपऱ्यांना त्यांचे अक्षांश-रेखांश सांगायचे, की तो पृथ्वीवर आपल्या जागी जाऊन बसतो. मग डोंगराभोवती सारख्या उंचीवरून फिरणारी एकेक तांबूस रेघ माऊसने टिचक्या मारत गिरवायची. रेघ पुरी झाली की तिला तिची उंची द्यायची. भार्गवी कुशीवर वळली की टिचकी हळू करायची.

"अगो, अजून त्याच डोंगरावर का तू?" सासूबाई दारातून विचारायच्या. "आमचे आंबे उतरून पेटीत बसलेसुद्धा."

सासूबाईंचं नाव आनंदीबाई. बाग त्याच बघतात. हाताशी गोदा आणि तिच्या वाडीतल्या चार बायका. मी सांगलीची, तेव्हा मला आंब्यातलं काही कळायचं नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात ठरवून टाकलं होतं. ते खरंही होतं.

माझा नवरा देवदत्त मुंबईला नोकरीला. दीडेक महिन्याने दोन दिवस यायचा, आल्यापासून भार्गवीला खांद्यावर घेऊन बागेत हिंडायचा आणि जायच्या दिवशी पिशवी उचलून मागच्या दाराने निघायचा. घराच्या पाठीला रस्ता आहे. दगडी गडग्याच्या कडेकडेने चढ चढून तो रायवळ आंब्यापाशी वळायचा. वळताना हात हलवायचा. मग नाही.

भार्गवी साडेतीन वर्षांची. वाटीखाली काजूची बी ठेवायची आणि म्हणायची, "गेली." वाटी उचलायची, "आली." हा खेळ ती तासन्‌तास खेळे. पण रायवळाच्या वळणावर वाटी कोण घालतं आणि कोण उचलतं, ते तिला कळत नव्हतं. बाबा गेले की ती घास गालात धरून बसायची. गिळायची नाही, थुंकायची नाही. आठ-आठ दिवस असं चाले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मुलीला काहीही झालेलं नाही." रविवारी देवदत्तचा फोन यायचा, तर ती आवाज ऐकून रिसीव्हर उलटा करायची, त्याच्या भोकांत डोकावायची आणि तो माझ्याकडे ढकलून द्यायची.

होळीनंतर तर तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी देवदत्तला फोनवर सांगितलं.

तो म्हणाला, "मी येतो म्हणून होतं हे. आता पुन्हा तसंच झालं ना, तर येणं कमी करतो. गणपतीला येईन एकदम. लहान आहे, विसरेल."

"विसरेल म्हणजे?"

"म्हणजे सवय होईल," तो म्हणाला, आणि मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

सवय होईल हे खरं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

होळीला येताना त्याने मुंबईच्या पदपथावरून एक जुनं इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणलं होतं. राजाराणीची कसलीशी गोष्ट. भार्गवीला गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. तिला पुठ्ठ्याच्या आतलं पान हवं असे. तिथे त्या राज्याचा नकाशा होता. टोप्यांसारखे डोंगर, एकेक पान मोजून काढल्यासारखी झाडं, समुद्रात अर्धी बुडालेली एक लांबलचक शेपूट.

"हे कुठेय?" तिने विचारलं.

"कुठेच नाही गं. गोष्टीतलं आहे."

ती त्या पानावर हात पसरून बसली. मग अगदी समजल्यासारखं म्हणाली, "बाबा इथे असतात."

त्या दुपारी मी सातारा बंद केला आणि आपला तालुका उघडला.

आधी वाटलं, सोपं आहे. किनारा आहे, खाड्या आहेत, उंचीच्या रेषा आहेत. नुसती चिन्हं बदलायची. मी कागदावर शाईने एक डोंगर काढला, स्कॅन केला आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, जिथे जिथे रेषा दाटतात तिथे हा ठेव. त्याने ठेवला. सगळा तालुका एकाच शिक्क्याने ठोकल्यासारखा दिसायला लागला. मग सात वेगळे डोंगर काढले. एक पाठीवर झोपलेला, एक कुबड काढून बसलेला, एक दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकलेला. देवरुखाकडचे मोठाले होते, त्यांना मी कान दिले, सोंडा दिल्या. हत्तींचा कळप पाणी प्यायला निघावा आणि वाटेतच डोळा लागावा, तसे ते घाटाखाली निजले.

पुढच्या दुपारी सडा. आमच्याकडचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, मैलोन् मैल, उन्हाळ्यात तव्यासारखं. तो मी भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा केला आणि त्यावर तसेच करपट ठिपके दिले. काजळी नदी वेणीसारखी गुंफली आणि भाट्याच्या पुलाशी तिला लाल रिबिनीचं फूल बांधलं. रत्नागिरीचा किल्ला समुद्रात पाय घालून बसलेला एक म्हातारा झाला, दीपगृह त्याच्या हातातली काठी. कोकण रेल्वेची झाली गोम. ती डोंगराच्या एका नाकपुडीतून शिरते आणि दुसरीतून निघते. पार वर दापोली. तिथे शेतीचं विद्यापीठ, म्हणून तिथली झाडं पुस्तकं वाचत उभी. रेल्वे तिथे जात नाही, तर एसटीचे मृगकिडे सोडले, लाल, मखमली.

आमच्या बागेतली कलमं मात्र मी एकाच शिक्क्याने काढली नाहीत. ती हाताने एकेक बसवली.

काम करताना असं होई, की पडद्यावरून नजर काढून खिडकीबाहेर बघावं तर खरा माड जरा चुकीचा काढलेला वाटे. दुपारच्या उन्हात सगळं पिवळं, थांबलेलं. मागे भार्गवीचा श्वास. दूर कुठेतरी गोदाच्या बायका झेल्याने, जाळीच्या लांब काठीने, आंबा उतरवतात, त्याचा देठ तुटल्याचा एवढासा आवाज. मला वाटायचं, मी हा मुलूख काढत नाहीये, तो आपला आपण निजेत कूस बदलतोय आणि मी नुसतं पांघरूण नीट करतेय.

भार्गवी उठली की मांडीवर येऊन हुकूम सोडायची. "इथे मासा. मोठा. त्याला चष्मा."

"माशाला चष्मा कशाला?"

"आजीला कशाला?"

सासूबाई मागे उभ्या होत्या. "घाल गो घाल. सासूला मासा करायची हौस भागवून घे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पदराने पुसत पुन्हा बागेत गेल्या.

अडलं ते मुंबईपाशी. कागद तालुक्याचा, मुंबई त्याच्या बाहेर, कितीतरी वर. दापोलीही खरं तर बसत नव्हती, मी ती ओढूनताणून आणली होती. ज्या सॉफ्टवेअरला मी वर्षानुवर्षं एकेक बिंदू जागच्या जागी ठेवायला शिकवलं, त्याला आता खोटं बोलायला लावायचं होतं. दोन दुपारी मी नुसतीच बघत बसले. तिसऱ्या दुपारी नकाशाचं अक्षांश-रेखांशांशी असलेलं नातं सोडवून टाकलं, किनाऱ्याची वरची बाजू चिमटीत धरून घडी घातल्यासारखी आखडून घेतली आणि टोकाला मुंबई ठेवली. दिव्यांचं वारूळ. त्याच्या एका भोकात बाबा.

छापायला रत्नागिरीला मारुती मंदिराजवळच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे मोठा कागद निघत नव्हता. वीस लहान पानांवर तुकडे छापून आणले आणि ओटीवर बसून भाताच्या खळीने जोडले. सासूबाईंनी खळ शिजवून दिली, वर बजावलंही, "मुंग्या लागतील हो तुझ्या राज्याला." माजघरात, माळ्याखालच्या भिंतीला मी तो टाचला. सगळ्यात वरची मुंबई माळ्याच्या तुळईला टेकली.

एप्रिलअखेर देवदत्त आला. नकाशासमोर तो उभाच राहिला. "हे आपलं आहे?" असं दोनदा म्हणाला. भार्गवीला उचलून त्याने वारूळ दाखवलं, "हा बघ मी," आणि तिने स्वतः वारुळाला हात लावून बघितला. मला वाटलं, झालं. दोन दिवसांनी तो रायवळाशी वळला तेव्हा ती रडली नाही. आत जाऊन नकाशाखाली बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामाला बसले होते. गोदा मागच्या दाराशी आली.

"वयनी, पोरगी तुमच्याकडं हाय ना?"

"निजलीय की."

"कुटं निजलीय? हांतरून मोकळं हाय."

अंगणात नव्हती. विहिरीला जाळी आहे, तरी मी आधी तिकडे धावले. गोदा हाका मारत बागेत गेली, सासूबाई गोठ्यात. मी परत माजघरात आले तर माळ्याची शिडी लावलेली होती, तशी ती या दिवसांत रोजच असते, कारण माळ्यावर आंबे पिकवायला पेंढ्याची आढी घातलेली. शेवटच्या पायरीवर तिची एक चप्पल होती.

माळ्यावर काळोख आणि पिकत्या आंब्यांचा असा वास, की डोकं जड व्हावं. कौलातल्या काचेतून उन्हाची एक पट्टी पडली होती. त्या पट्टीत, पेंढ्यात, भार्गवी बसली होती. तिने पेंढा उकरून बरेच आंबे उघडे केले होते.

"भागू! काय करतेस इथे?"

"मुंबईत आले," ती म्हणाली. मग ओठ पसरले. "बाबा नाहीयेत. नुसते आंबे आहेत."

मी तिला घेऊन कशी उतरले, मला आठवत नाही. खाली गोदाचा जीव भांड्यात पडला होता. ती म्हणाली, "बरी हाय की बाय तुजी मुंबय, खायाला तरी हाय!" आणि तोंडाला पदर लावून हसता हसता रडली. सासूबाई हसल्या नाहीत. "शिडी उचला आधी ती," म्हणाल्या आणि स्वतःच उचलायला लागल्या.

त्या दिवसापासून भार्गवीने पुन्हा घास गालात धरला. या वेळी जास्तच. आधी तिला बाबा कुठे असतात ते माहीत नव्हतं. आता तिने जाऊन बघितलं होतं, आणि ते नव्हते.

देवदत्तला फोनवर सांगितल्यावर तो म्हणाला, "मेअखेरीला आंब्यांचं आवरायला यायलाच हवं. त्यानंतर मात्र थेट गणपती. माझ्याच्याने हे होणार नाही गं." आवाज त्याचा साधाच होता. मी रिसीव्हर ठेवला आणि भार्गवीसारखीच त्याच्या भोकांत बघत बसले.

नकाशा भिंतीवर ठेवण्यात अर्थ नव्हता. सकाळी मी तो उतरवला आणि ओटीवर पसरून गुंडाळायला घेतला. सासूबाई पायरीवर चहा घेत होत्या. त्या रोज तिथेच बसतात, समुद्राकडे तोंड करून. माडांच्या शेंड्यांवरून त्याची एक पट्टी दिसते तिथून.

"थांब गो. मला बघू तरी दे. भिंतीवर मान वर करून कोण बघतो? मानेची शीर आखडते माझी."

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी कपबशी बाजूला ठेवली, चष्मा चढवला आणि पाट वळवावा तसा नकाशा धरून वळवला.

"हे काय करताय? आता नावं आडवी झाली सगळी."

"नावं तू वाच. हा समुद्र ना, निळा? मग तो समुद्राकडे नको?" त्यांनी बोटाने माडांकडे दाखवलं. "आणि हे तुझे हत्ती आपल्या पाठीला. हे लांजं, होय ना?"

"देवरूख."

"तेच ते."

एरवी मी हसले असते. पण त्यांच्या खांद्यावरून मी कागद बघितला आणि मग मान उचलून समोर बघितलं. कागदावरचं पाणी जिथे संपत होतं तिथून खरं पाणी सुरू होत होतं. भिंतीवर मी समुद्र डाव्या हाताला टांगला होता, आणि खरा समुद्र त्या वेळी पाठीमागे होता. शाळेपासून उत्तर वर. मी इतके डोंगर गिरवले, पण ते वर म्हणजे भिंतीचं वर, छताचं वर, माळ्याचं वर, असं कुणी धरून चालेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"भागू," मी हाक मारली. "ये इकडे. आजीच्या मांडीत बस."

ती आली. तोंडात सकाळचा घास तसाच होता. सासूबाईंनी तिला पुढ्यात घेतलं, तोंड समुद्राकडे.

"समोर काय दिसतं?"

तिने माडांकडे बोट केलं. मी ते बोट धरून खाली कागदावर आणलं, माशाच्या चष्म्यावर. ती खाली बघे, वर बघे. मग मी तिच्या बोटाने आमचं घर शोधलं, पडवीच्या रंगाचा एक ठिपका.

"आपण इथे बसलोय. आता हा हात." मी तिचा उजवा हात किनाऱ्यावरून पुढे नेला. भाट्ये, म्हातारा किल्ला, पुस्तक वाचणारी झाडं, आणि कागदाच्या उजव्या टोकाला वारूळ. "मुंबई."

तिने मान वळवली. गोठ्यापलीकडे, काजूच्या झाडापलीकडे, जिथे किनारा वळत जातो तिकडे. मग घास गिळला आणि म्हणाली, "पण बाबा मागे गेले."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. हे मात्र खरं होतं. ती त्याला मागच्या दाराने जाताना बघते. मी पुन्हा बोट धरलं. घराच्या पाठीला रायवळ. तो मी नकाशात काढलाच नव्हता, म्हणून आतून पेन्सिल आणून काढला. रायवळापासून सडा, सड्यावरून एसटी, रत्नागिरीचं स्टेशन, तिथे गोम.

"बाबा गोमेच्या पोटात बसतात. गोम अशी वळते." बोट तिच्या पाठीकडून निघालं, उजव्या कुशीला वळसा घालून पुढे आलं आणि वारुळात शिरलं.

"डोंगरात काळोख असतो?" तिने विचारलं.

"बोगद्यात? असतो. पण दिवे लावतात."

तिने ते बोट एकटीने पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. सासूबाईंचा चहा गार झाला, तरी त्या हलल्या नाहीत.

त्या मे महिन्यात मी नकाशा नव्याने केला. सॉफ्टवेअरमध्ये सगळा मुलूख नव्वद अंशांत फिरवला. एका टिचकीचं काम. पण नावं सगळी कुशीवर पडली. ती एकेक उचलून सरळ बसवायला कितीतरी दुपारी गेल्या. पावस, गोळप, भाट्ये. समुद्र कागदाच्या माथ्यावर गेला, हत्ती पायथ्याशी आले, उत्तरेचा बाण उजवीकडे तोंड करून आडवा झाला. पुण्याच्या साहेबांनी बघितला असता तर मला कामावरून काढलं असतं. रायवळ मी नीट काढला, वळणासकट.

छापायला नेला तर दुकानदार पानं हातात धरून म्हणाला, "वहिनी, फिरून छापलं गेलं वाटतं हो. उत्तर बघा कुठे गेली."

"तिला तिथेच काम आहे," मी म्हटलं.

हा नकाशा भिंतीला लावला नाही. तो ओटीवरच पसरायचा, समुद्र समुद्राकडे करून, आणि वारा आला की चारी कोपऱ्यांवर आंबे ठेवायचे. भार्गवी त्यावर पालथी पडून राही. कधी कधी तिथेच झोपून जाई, गाल सड्यावर आणि पाय देवरुखाच्या डोंगरात.

मेअखेर देवदत्त आला. आढी रिकामी झाली, शेवटच्या पेट्या गेल्या. जायच्या दिवशी भार्गवीने त्याला नकाशावर बसवलं आणि सगळी वाट समजावून दिली.

"मी या गोमेत बसतो?"

"हो. आणि झोपता."

"आणि उठलो नाही तर?"

"तर वारुळातले उठवतात," ती म्हणाली, काय हा विचारतोय अशा आवाजात.

तो हसला, पण माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी उचलून मागच्या दाराने निघाला. भार्गवी माझ्या कडेवर होती. गडगा, चढ, रायवळ. हात हलवला. वळला.

ती कडेवरून खाली उतरली आणि घरातून धावत ओटीवर गेली. मी तिच्या मागे गेले नाही. सासूबाईंनी जेवणाची पानं घेतली होती, त्यांनी हाक मारली तेव्हा गेले.

ताट त्यांनी ओटीवरच आणलं होतं. भार्गवी पायरीवर बसली होती, समुद्राकडे तोंड करून. मऊ भात, त्यावर मेतकूट, तूप. मी पहिला घास केला. तिने तो माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला, थोडा सांडला, आणि उजवा हात लांब केला, गोठ्याच्या पलीकडे, काजूच्या पलीकडे, किनाऱ्याकडे.

"बाबा, आ करा."

ती थांबली. खरोखरच कुणी खायला वेळ लागावा तितकी थांबली. सासूबाई पदराने चष्मा पुसायला लागल्या.

मग हात परत आणून तिने तो घास आपल्या तोंडात घातला, आणि चावला, आणि गिळला.

"दुसरा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदत्तचा फोन आला. त्याने पोचल्याचं सांगितलं नाही, भार्गवीचं विचारलंही नाही.

"जेवली," मी म्हटलं. "जून महिन्यात कधी येतोस ते सांग. तिला गोमेचा रंग बदलायचाय, पावसात हिरवी हवी म्हणते."